वॉकी सारखा 'बिझी' देतोय? ट्रंकिंग सिस्टिममधला दोष शोधायचा क्रम

"साहेब, वॉकी लागत नाही." ट्रंकिंग सिस्टिम (सगळ्या विभागांनी मिळून वापरायची चॅनल) असलेल्या साइटवरून तक्रार येते ती बहुतेक एवढीच. या चार शब्दांत निदान पाच वेगवेगळे दोष मावतात आणि त्यातले निम्मे सेटमध्ये नसतातच. तरी पहिल्यांदा सेटच दुरुस्तीला जातो. तो 'ओके' होऊन परत येतो आणि पुढच्या शनिवारी बँक्वेट ऐन रंगात असताना पुन्हा टूं-टूं करायला लागतो. हॉटेलं, हॉस्पिटलं, मॉल आणि परळ-वरळीकडचे टॉवर यांच्या सिस्टिम सांभाळणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे आता फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: टोन कसला येतोय?

हे लिखाण सिक्युरिटी सुपरवायझर, कंट्रोल रूमचे ऑपरेटर आणि इमारतीच्या इंजिनिअरिंग विभागातल्या मंडळींसाठी आहे. डोळ्यांसमोर डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) पद्धतीची सिस्टिम ठेवली आहे. टेट्रा किंवा जुनी एमपीटी १३२७ अशी दुसरी ट्रंकिंग पद्धत असेल तर तपशील बदलतील, तपासायचा क्रम तोच राहील.

लक्षणं: आधी कानाने

पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबल्यावर सेट काय म्हणतो ते नीट ऐका. प्रत्येक कंपनीचे आवाज वेगळे असतात, पण प्रकार ठरलेले आहेत.

• छोटासा टिर्र होतो आणि बोलता येतं. हा परवानगीचा टोन. तो मिळतो, पण समोरच्याला काहीच ऐकू जात नाही किंवा पहिले दोन-तीन शब्द गळतात.

• फोन एंगेज असावा तसा टूं-टूं. थोड्या वेळाने सेट आपणहून वाजतो आणि लाइन मिळते. हा खरा बिझी.

• दाबल्या दाबल्या एक जाड, लांब 'भ्यँ'. म्हणजे सिस्टिमने नकार दिला किंवा सेटला सिस्टिम सापडतच नाही.

• एक कॉल फाटतो, पुढचा स्वच्छ, त्यानंतरचे दोन स्वच्छ, मग पुन्हा एक फाटतो. माणूस जागचा हललेला नसतो.

• तळघरात किंवा जिन्यात गेलं की सगळं बंद, वर आलं की सुरळीत.

यातला बिझी आणि 'भ्यँ' हा फरक सगळ्यांत महत्त्वाचा. बिझी येतोय म्हणजे सिस्टिम जिवंत आहे, तुमचा सेट तिच्यापर्यंत पोचलाय, फक्त जागा नाही. 'भ्यँ' येतोय म्हणजे जागा असेलही, पण तुमचा सेट तिथवर पोचला नाही किंवा सिस्टिमने त्याला ओळखलं नाही. बिझीवर नवा सेट घेऊन उपयोग नाही आणि 'भ्यँ'वर नवा रिपीटर (सेटचा सिग्नल घेऊन जास्त ताकदीने पुढे पाठवणारं यंत्र) घेऊन उपयोग नाही. हे दोन्ही खर्च झालेले मी पाहिले आहेत, एकाच इमारतीत.

चॅनल कुणाच्याही मालकीचं नसतं

जुन्या पद्धतीत सिक्युरिटीची एक फ्रिक्वेन्सी, हाउसकीपिंगची दुसरी, इंजिनिअरिंगची तिसरी असं वाटप असायचं. सिक्युरिटीवर रांग लागली असली आणि हाउसकीपिंगचं चॅनल रिकामं पडलं असलं तरी त्याचा उपयोग नाही. ट्रंकिंगमध्ये सगळी चॅनल एकत्र असतात. विमानतळावरच्या प्रीपेड टॅक्सीच्या काउंटरसारखंच हे: तुम्ही काउंटरवर सांगायचं, ते मोकळ्या गाडीचा नंबर देणार, काम झालं की गाडी पुन्हा रांगेत. इथे काउंटर म्हणजे कंट्रोल चॅनल. पीटीटी दाबली की सेट त्यावर विनंती पाठवतो, कंट्रोलर (चॅनल वाटणारं यंत्र) मोकळं चॅनल ठरवतो आणि त्या ग्रुपच्या सगळ्या सेटना एकदम तिकडे वळवतो. बोलणं संपलं की सगळे परत कंट्रोल चॅनलवर.

डीएमआरमध्ये साडेबारा किलोहर्ट्झच्या एका फ्रिक्वेन्सीवर ३० मिलिसेकंदांचे दोन स्लॉट आलटून-पालटून चालतात, म्हणजे एका रिपीटरवर दोन बोलणी. टेट्रात २५ किलोहर्ट्झवर चार. टियर ३ या डीएमआरच्या ट्रंकिंग प्रकारात एक स्लॉट कायमचा कंट्रोलला जातो. कॅपॅसिटी प्लससारख्या एका साइटच्या सिस्टिममध्ये वेगळं कंट्रोल चॅनल नसतं. एखादं मोकळं चॅनल 'रेस्ट' म्हणून नेमलेलं असतं, सगळे सेट तिथे थांबतात आणि ते बोलण्यासाठी वापरलं गेलं की रेस्टची जागा दुसरीकडे सरकते. आपल्याकडे कुठला प्रकार आहे हे माहीत करून घ्या. पुढचा बराच घोळ वाचतो.

आता थोडं गणित, कारण बिझीचं मूळ त्यातच आहे. डेन्मार्कचे गणिती आग्नर क्रारुप एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते आणि १९१७ मध्ये त्यांनी मांडलेली सूत्रं आजही चॅनल मोजायला वापरतात. चार विभाग, प्रत्येकाचं स्वतःचं चॅनल, ते सरासरी निम्मा वेळ वापरात आणि एक बोलणं साधारण ५ सेकंदांचं, असं धरा. मग दर दोनातल्या एका दाबण्याला थांबावं लागतं आणि सरासरी थांबणं ५ सेकंदांचं. तीच चार चॅनल एकत्र केली आणि रांगेची सोय असली, तर थांबावं लागण्याची शक्यता १७ टक्क्यांवर येते आणि सरासरी थांबणं अर्ध्या सेकंदाच्याही आत. फुकटात.

पण बोलणं दीडपट वाढलं तर? थांबणाऱ्यांचं प्रमाण पुन्हा ५० टक्क्यांवर जातं आणि सरासरी थांबणं अडीच सेकंदांवर. दीडपट गर्दीला जवळजवळ सहापट थांबणं! ट्रंकिंग शेवटपर्यंत सगळं सांभाळून घेतं आणि मग अचानक कोसळतं. म्हणून कुठे थोडंसं चॅनल वाया जातंय हा प्रश्न क्षुल्लक नसतो. पुढचा बहुतेक शोध त्या वाया जाणाऱ्या वेळेचाच आहे.

पहिली तपासणी: रजिस्टर आणि पेन

खर्च शून्य. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये तीन रकाने आखा: वेळ, जागा, टोन. एका पूर्ण दिवसाच्या सगळ्या शिफ्ट भरून घ्या.

तक्रारी ठरावीक वेळेला जमत असतील (हॉस्पिटलात सकाळची ड्युटी बदलताना, हॉटेलात चेक-इनच्या वेळी, ऑफिस टॉवरमध्ये संध्याकाळी सहानंतर) तर प्रश्न जागेच्या टंचाईचा आहे. एकाच ठिकाणी जमत असतील तर सिग्नलचा. वेळही नाही आणि ठिकाणही नाही, कुठेही कधीही असेल, तर रिपीटर किंवा त्याच्या केबलवर संशय घ्या. हे रजिस्टर नसताना मला बोलावलं तर पहिला दिवस मीही हेच करत बसतो, फक्त त्याचं बिल लागतं.

दुसरी: नॉब, बॅटरी, अँटेना

हे 'भ्यँ'वाल्यांसाठी. कमरेच्या पट्ट्यात अडकवलेल्या सेटचा नॉब घासून एक घर पुढे सरकतो आणि गार्ड भलत्याच ग्रुपवर किंवा रिकाम्या घरावर उभा असतो. झोन, म्हणजे नॉबच्या घरांचा संच, तोही बघा. नॉब बरोबर पण झोन चुकीचा, हे फार वेळा दिसतं.

मग बॅटरी. सेट ऐकताना थोडाच करंट घेतो, बोलताना त्याच्या कितीतरी पट. थकलेली बॅटरी ऐकण्यापुरती पुरते आणि पीटीटी दाबली की व्होल्टेज बसतं. म्हणून 'ऐकू येतं पण बोलता येत नाही' ऐकलं की आधी बॅटरी बदलून बघा. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या स्वस्त बॅटऱ्यांच्या लेबलवरच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. घ्यायच्याच असतील तर एक घ्या, पूर्ण शिफ्ट चालवा, मग पुढच्या घ्या.

अँटेनाची अदलाबदल गणपतीनंतर हमखास सापडते. मंडळांच्या गर्दीसाठी भाड्याने आणलेले सेट परत जातात, तेव्हा आपल्या यूएचएफ (वरच्या फ्रिक्वेन्सीच्या) सेटवर त्यांची व्हीएचएफची (खालच्या फ्रिक्वेन्सीची) लांब अँटेना राहते आणि आपली आखूड त्यांच्याकडे जाते. सेट बंद पडत नाही, पण रिपीटरपर्यंत आवाज पोचत नाही. चाचणी सोपी: चांगला सेट आणि आजारी सेट एकाच जागी घेऊन उभे राहा, आधी फक्त बॅटरी बदला, मग फक्त अँटेना. दोन्ही एकदम बदलल्या तर दोष कुणाचा ते कळत नाही.

नवा घेतलेला किंवा दुसऱ्या साइटवरून आणलेला सेट असेल तर त्याचा आयडी सिस्टिमच्या यादीत आहे का आणि त्या ग्रुपची परवानगी त्याला आहे का ते कंट्रोल रूमकडून तपासून घ्या. यादीत नसलेल्या आयडीला कंट्रोलर नकारच देणार. त्यात सेटची चूक नाही.

परवानगीचा टोन मिळून समोरचा गप्प असेल तर समोरच्याचा नॉब बघा. तो दुसऱ्या ग्रुपवर असतो किंवा स्कॅनवर असल्यामुळे त्या क्षणी दुसराच कॉल ऐकत असतो.

तिसरी: बोटाची सवय

शब्द गळण्याचं कारण बहुतेक हेच. ॲनालॉग सेटवर वाढलेली माणसं दाबता दाबताच बोलायला लागतात. ट्रंकिंगमध्ये दाबल्यावर विनंती जाते, चॅनल ठरतं, सगळे सेट तिकडे वळतात आणि मग टिर्र येतो. सेकंदाच्या अंशाचाच खेळ आहे, पण तेवढ्यात 'लिफ्ट नंबर तीन' मधलं 'लिफ्ट' गेलेलं असतं. दाबा, टिर्र ऐका, मग बोला. परळच्या एका टॉवरवर हे सांगितल्यावर एक ज्येष्ठ गार्ड मला म्हणाले, "टोन येईपर्यंत चोर खाली पोचंल की, साहेब." त्यांना दोन सेट हातात देऊन ऐकवलं, तेव्हा पटलं.

दुसरी वाईट सवय म्हणजे बिझी आला की पुन्हा पुन्हा दाबणं. कंट्रोल चॅनलवरच्या विनंत्या कुणाला विचारून येत नाहीत. दोन सेटनी एकाच क्षणी पाठवल्या तर एकमेकांवर आदळून दोन्ही वाया जाऊ शकतात आणि सेटला थोडं थांबून पुन्हा पाठवाव्या लागतात. दहा जणांनी टकटक चालू केली की बोलायचं चॅनल मोकळं असूनही ते मागणाऱ्याचा आवाज पोचत नाही. सिस्टिममध्ये रांगेची सोय असेल तर एकदा दाबून सोडा, सेट परत वाजेल. तशी सोय नसेल तर पाच-सात सेकंद जाऊ द्या.

चौथी: अडकलेली पीटीटी

पावसाळ्यातला माझा हा लाडका संशयित. खांद्यावरच्या स्पीकर-माइकच्या बटणावरचं रबर चिरतं, त्या चिरेतून पाणी आणि घाम आत जातो. उघडून पाहिलंत तर बटणाखालच्या तांब्यावर हिरवट पूड दिसते, वायरच्या टोकाला पांढरा बुरा. मग बोट न लावता बटण दाबलं जातं, सुटतं, पुन्हा दाबलं जातं, आणि दर वेळी नवा कॉल लागतो. पूर्ण शॉर्ट झालेलं परवडतं, कारण सेटमधला टाइम-आउट टायमर (बहुतेक ठिकाणी ६० सेकंदांचा) त्याला गप्प करतो. अर्धवट शॉर्ट टायमरला दाद देत नाही.

ओळखायचं कसं? ग्रुपवर मधूनच कपड्याची सळसळ, पंख्याचा घुंऽऽ किंवा ट्रॅफिक ऐकू येतं आणि कुणी बोलत नाही. त्या वेळी दुसऱ्या सेटच्या पडद्यावर आलेला आयडी लिहून घ्या. तो कुणाला दिलाय हे इश्यू रजिस्टरवरून कळेल. स्पीकर-माइक काढून सेट तसाच वापरा. दोष गेला तर माइक फेकून द्या. वाळवून पुन्हा वापरू नका, आठवड्यात परत येतो.

याच घरातला दुसरा पाहुणा म्हणजे व्हॉक्स, आवाजावर आपोआप सुरू होणारं प्रसारण. हेडसेटवाल्या सेटमध्ये कुणीतरी चालू करून ठेवतं आणि लाँड्रीतल्या मशिनचा किंवा डीजेचा आवाज दिवसभर चॅनल खातो. बंद करा.

पाचवी: चॅनल नक्की कोण खातंय

इथून पुढे कंट्रोलरचा लॉग किंवा डिस्पॅच सॉफ्टवेअर लागतं. ते तुमच्याकडे नसेल तर ज्यांनी सिस्टिम बसवली त्यांच्याकडे एका आठवड्याचा एअरटाइम अहवाल (कुणी किती वेळ चॅनल वापरलं त्याचा हिशेब) मागा. मागण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर हीच.

अहवालात आधी जीपीएस बघा. गार्डची फेरी झाली का हे नकाशावर दिसावं म्हणून लोकेशन चालू केलं जातं आणि विकणारा उत्साहाने दर दहा सेकंदांना अपडेट ठेवून जातो. ४० सेट, दर १० सेकंदांना एक निरोप, म्हणजे सेकंदाला ४ निरोप. एका निरोपाला सगळं धरून अर्धा सेकंद लागतो असं माना. म्हणजे दोन अख्खे स्लॉट चोवीस तास फक्त 'मी इथे आहे' सांगण्यात गेले. तेच दर दोन मिनिटांवर आणलं तर एका स्लॉटचा फक्त सहावा भाग लागतो. आणि गंमत अशी की तीन मजली तळघरातल्या पार्किंगमध्ये जीपीएसला आकाशच दिसत नाही. इमारतीच्या आत गार्डची फेरी तपासायची असेल तर भिंतीवरचे टॅग किंवा ब्लूटूथ बीकन बरे. बाहेरच्या मोठ्या आवारासाठी जीपीएस हवंच असेल तर लोकेशनला वेगळं चॅनल द्यायची सोय बऱ्याच सिस्टिममध्ये असते, ती मागा.

मग खासगी कॉल. ग्रुप कॉलमध्ये एका चॅनलवर तीस माणसं ऐकतात. दोघांच्या खासगी कॉललाही तेवढंच एक चॅनल लागतं. दोन सुपरवायझर जेवणाच्या ऑर्डरवर बोलत असतील तर तेवढा वेळ एक अख्खा विभाग रांगेत असतो. खासगी कॉलची परवानगी मोजक्याच आयडींना ठेवा. त्यावर नाराजी होते, होऊ द्या.

हँग टाइम जरा बारकाईने बघण्यासारखा आहे. एकाने बोलून बोट काढलं की चॅनल लगेच सुटत नाही. उत्तर देणाऱ्याला पुन्हा रांग लागू नये म्हणून काही सेकंद त्याच ग्रुपसाठी राखून ठेवलं जातं. ४ सेकंदांचं बोलणं आणि ६ सेकंदांचा हँग टाइम असेल तर चॅनल १० सेकंद अडकलं आणि त्यातले ६ सेकंद शांतता होती. शून्यावर आणलं तर दुसरीच पंचाईत: गर्दीच्या वेळी प्रश्न एका चॅनलवर जातो आणि उत्तर रांगेत अडकतं, अर्धं संभाषण हवेत लटकतं. माझा अंदाज साधारण दोन ते तीन सेकंदांचा असतो. हॉस्पिटलात तातडीच्या कोडसाठी वेगळा ग्रुप असेल तर त्याला थोडा जास्त. हा आकडा प्रोग्रामिंगमधून बदलतो, म्हणून तो तुम्ही बदलायचा नाही, बदलून घ्यायचा. पण किती आहे हे विचारायला हरकत नाही. अनेकदा तो कारखान्यातून आलेल्या आकड्यावर तसाच पडलेला असतो.

दोन साइट जोडलेल्या असतील, म्हणजे समजा एक टॉवर अंधेरीला आणि दुसरा बीकेसीत, तर आणखी एक गळती असते. अंधेरीच्या ग्रुपवरचा एकच सेट बीकेसीत नेऊन चालू ठेवला की अंधेरीचा प्रत्येक कॉल बीकेसीतही एक चॅनल घेतो, कारण सिस्टिमला त्या एका माणसापर्यंत पोचायचं असतं. मीटिंगला गेलेल्या मॅनेजरसाहेबांचा टेबलावर ठेवलेला सेट अख्ख्या दुसऱ्या साइटला बिझी करू शकतो. लॉगमध्ये हा प्रकार दोन मिनिटांत दिसतो, लॉग नसेल तर महिनोन्महिने दिसत नाही.

सहावी: रिपीटर, फक्त डोळ्यांनी

जुन्या पद्धतीत रिपीटर मेला की तो विभाग दोन मिनिटांत ओरडत यायचा. ट्रंकिंगमध्ये मेलेला रिपीटर लपून राहतो. दोन रिपीटर, चार स्लॉट, आणि गर्दीच्या वेळी सरासरी दोन स्लॉटइतकं बोलणं, असं धरा. एक रिपीटर बंद पडला तर उरलेल्या दोन स्लॉटवर दोन स्लॉटइतकंच बोलणं येतं आणि रांग कधी संपतच नाही. पण रात्री बोलणं अगदी कमी असतं, तेव्हा दोन स्लॉट भरपूर होतात. म्हणून नाइट शिफ्ट म्हणते सगळं ठीक आहे, डे शिफ्ट म्हणते सिस्टिम भंगार आहे. दोघंही खरं बोलत असतात.

रिपीटरच्या खोलीत जाऊन बघा: सगळ्या युनिटचे दिवे सारखे आहेत का, कुठे लाल आहे का, पंखे फिरतात का, जाळीवर धूळ बसलीय का. एसी चालू आहे का हे मुद्दाम बघा. गच्चीलगतच्या लिफ्ट मशिन रूममध्ये एप्रिल-मे महिन्यांत एसी बंद पडला की रिपीटर स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतो, आणि मग तळघरातले सेट आधी तुटतात. यूपीएसच्या बॅटऱ्या कधी बदलल्या याची तारीख त्यांच्यावर चिकटवलेली नसेल तर त्या बदललेल्या नाहीत असं समजा.

एक कॉल फाटतो, दुसरा स्वच्छ, हे लक्षण इथलंच. सिस्टिम कॉल वेगवेगळ्या चॅनलवर वाटत असते. एका रिपीटरची तब्येत बिघडली की त्याच्या वाट्याला आलेले कॉल तेवढे खराब. लॉगमध्ये फाटलेल्या कॉलच्या वेळा आणि त्यांना मिळालेलं चॅनल जुळवून बघा. सगळे एकाच रिपीटरवर पडत असतील तर दोष त्या युनिटमध्ये किंवा तिथपासून कंबाइनरपर्यंतच्या (कंबाइनर म्हणजे सगळे रिपीटर एकाच अँटेनाला जोडणारा भाग) छोट्या केबलमध्ये. सगळ्या चॅनलवर सारखेच खराब असतील तर कंबाइनरच्या पुढे: गच्चीकडे जाणारी केबल, कनेक्टर, अँटेना.

गच्चीवरची केबल, आणि मीटर खोटं बोलतं तेव्हा

हे काम तंत्रज्ञाचं आहे, पण तो काय करतोय ते तुम्हाला कळलं पाहिजे. वॉटमीटर लावून पुढे जाणारी आणि परत येणारी पॉवर मोजतात. ४० वॉट गेले आणि दीड-पावणेदोन वॉट परत आले तर व्हीएसडब्ल्यूआर (पॉवर किती परत फिरते ते सांगणारा आकडा, एक म्हणजे काहीच परत नाही) साधारण दीड, चालतं. १० वॉट परत आले तर तीन, आणि कुठेतरी मोठी गडबड आहे.

आता मुंबईची खासियत. जूनमध्ये सील फाटलेल्या कनेक्टरमधून पाणी केबलच्या जाळीत झिरपतं. ओली केबल पॉवर खाते: जाताना खाते आणि अँटेनाकडून परत येताना उरलेलीही खाते. त्यामुळे खाली रिपीटरजवळ मीटर लावलं तर परत येणारी पॉवर जवळजवळ नाहीच, आकडा झकास, आणि वर अँटेनाला पोचतंय निम्म्याहूनही कमी. "व्हीएसडब्ल्यूआर एकदम उत्तम आहे, केबलला काही झालेलं नाही," असा शेरा मारून गेलेला माणूस केबलच्या फक्त खालच्या टोकाला उभा होता का, हे विचारा. मोजणी अँटेनाच्या टोकालाही व्हायला हवी. वरळी, कुलाब्यासारख्या समुद्रालगतच्या गच्च्यांवर खाऱ्या हवेने कनेक्टर लवकर जातो. दर वर्षी मेमध्ये सील उघडून नवं लावा, वरून रबर टेप आणि त्यावर साधी टेप, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कंबाइनर आणि डुप्लेक्सरवरचे (डुप्लेक्सर एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवतो) स्क्रू फिरवू नका. ते घट्ट करायचे नसतात, ट्यून करायचे असतात, आणि त्यासाठी नेटवर्क अ‍ॅनलायझर लागतो. पाव फेरा फिरवला तरी रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. रिपीटर उघडू नका. मास्टवर चढू नका, पावसात तर गच्चीवरही नको. प्रसारण चालू असताना अँटेनाजवळ उभं राहू नका आणि केबल काढू नका. तडित संरक्षण आणि अर्थिंगला इलेक्ट्रिशियनने हात लावण्याआधी रेडिओच्या माणसाला विचारू द्या.

इंटरनेटवरून सॉफ्टवेअर मिळवून सेट स्वतः प्रोग्राम करायचा मोह टाळा. एका चुकीच्या फाइलने सगळा ग्रुप बाद होतो. फ्रिक्वेन्सी तर अजिबात बदलायची नाही. त्या दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (फ्रिक्वेन्सी वाटणाऱ्या) शाखेने परवान्यावर दिलेल्या असतात आणि परवान्याबाहेर प्रसारण करणं बेकायदा आहे.

तुमच्या चॅनलवर अनोळखी बोलणी ऐकू येत असतील किंवा एखादं चॅनल सिस्टिम सारखं बाजूला ठेवत असेल तर बाहेरचा हस्तक्षेप असू शकतो. काही सिस्टिममध्ये रिपीटरला परका सिग्नल दिसला की तो ते चॅनल वापरातून काढतो, आणि तुम्हाला दिसतो फक्त बिझी. हस्तक्षेप करणाऱ्याला शोधायला स्वतः निघू नका. वेळांची नोंद करून परवानाधारकामार्फत वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे तक्रार करा. त्यांचं केंद्र बोरिवलीत गोराई रोडवर आहे. आधी मात्र जवळपास नवा एलईडी होर्डिंग किंवा लिफ्टचा नवा ड्राइव्ह बसलाय का ते बघा. त्यांचा गोंगाट हस्तक्षेपासारखाच वागतो आणि तो तुमच्याच इमारतीत मिटवता येतो.

हे सगळं करूनही गर्दीच्या वेळी लॉग भरलेलाच दिसत असेल, जीपीएस आवरलंय, हँग टाइम बघितलाय, सगळे रिपीटर धडधाकट आहेत, तर चॅनल खरंच कमी पडतंय. मग रिपीटर वाढवावा लागेल. त्यासाठी नवी फ्रिक्वेन्सी, म्हणजे पुन्हा डब्ल्यूपीसी आणि अँटेनाच्या जागेसाठी सॅकफा या सरकारी समितीची मंजुरी. याला वेळ लागतो, म्हणून दिवाळीची गर्दी दिसायला लागल्यावर अर्ज करू नका.

माणूस बोलवाल तेव्हा त्याच्या हातात या गोष्टी द्या: तीन रकान्यांचं रजिस्टर, तक्रारी असलेल्या सेटचे आयडी, रिपीटरच्या दिव्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो, आठवड्याचा एअरटाइम अहवाल, आणि सिस्टिमची शेवटची प्रोग्रामिंग फाइल कुणाकडे आहे त्याचं नाव आणि नंबर.